शंकरपटाच्या तारखा

भंडारा जिल्ह्यात धान कापून, मळून घरात आला की शंकरपटांचा हंगाम सुरू होतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान निघालेल्या शेतात लांब, सरळ दान तयार करतात. हलक्या छकडीला जुंपलेल्या दोन जोड्या शेजारशेजारून एकाच वेळी सुटतात आणि आधी पोचेल ती जिंकते. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा चढावर एकटा धावतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. तिथला मालक घड्याळाकडून हरतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, पटात हरवणारा समोर दिसतो, त्याचे गाव ठाऊक असते आणि बरेचदा तो नात्यातलाही निघतो. त्यामुळे दोन गावांतली चुरस पटाच्या घडणीतच आहे, आणि ती वर्षानुवर्षे टिकण्यासाठी त्याच जोड्या पुन्हा पुन्हा समोरासमोर येणे गरजेचे असते. पटाच्या इतिहासात तारखांना एवढे महत्त्व आले ते यामुळेच.

पट दोन-तीन दिवस चालतो. दिवसा शर्यत, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. सासरी गेलेल्या मुली, जावई, सोयरे या दिवसांत गावात येतात आणि सोयरिकीच्या गोष्टीही इथेच निघतात. शेजारच्या दोन गावांनी एकाच दिवशी पट ठेवला तर जोड्या, प्रेक्षक, दुकानदार आणि पाहुणे या सगळ्यांचीच वाटणी होते. म्हणून आपली तारीख एकट्याने ठरवणे कुठल्याच गावाला परवडणारे नव्हते. आठवडी बाजाराचा दिवस टाळायचा, शेजारच्या गावाचा जुना दिवस सोडायचा आणि उरलेल्यांतला आपला म्हणून धरायचा, असा हा अलिखित करार होता. कुठेही नोंद नसलेले हे वेळापत्रक आजूबाजूच्या गावांना मात्र तोंडपाठ असे.

या वेळापत्रकाचा नमुना मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, सापडतो. भाऊबीजेपासून झाडीत मंडया भरू लागतात. गोवारी समाजाची ढाल निघते, दंडार होते, खडी गंमत रंगते. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची, असा क्रम लागलेला असतो आणि दुकाने व कलावंत त्याच क्रमाने पुढे सरकतात. सगळ्या मंडया दिवाळीला बांधलेल्या असल्याने दिवाळी मागे-पुढे झाली तरी त्या एकत्रच हलतात आणि त्यांचा आपसातला क्रम बिघडत नाही.

पटांचे तसे नाही. संक्रांतीला धरून भरणारा पट सौर गणनेने जानेवारीच्या मध्यावर पक्का राहतो. वसंत पंचमीसारख्या तिथीला बांधलेला पट मात्र अधिक मासाच्या फेऱ्यामुळे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुठेही येऊ शकतो. एरवी एकमेकांपासून दूर असलेले दोन पट त्यामुळे एखाद्या वर्षी एकमेकांना येऊन भिडतात. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखची आणि आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या प्रतापगडची यात्रा भरते, तेव्हा माणसांचा ओघ तिकडे वळतो. पुढे होळी आली की हंगाम संपत येतो. म्हणजे वापरता येण्याजोगे दिवस जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे, आणि मागणारी गावे पुष्कळ.

मालगुजारीच्या काळात हा पेच सोडवणारा एक माणूस असे. गावाची मालकी असलेला मालगुजार दानीसाठी जमीन देई, बक्षीस लावी, परगावच्या जोड्यांच्या कडब्याची आणि पाहुण्यांच्या जेवणाची सोय पाही. पटाचा दिवस त्याच्या वाड्यावर ठरे, आणि शेजारच्या मालगुजाराशी बिनसले असेल तर ते भांडणही तारखेत उतरे. जुन्या पटांमधली ईर्ष्या बैलांइतकीच वाड्यांची होती, असे म्हणायला हरकत नाही. मध्य प्रांतातील मालकी हक्क संपवणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला आणि मालगुजारी गेली. पट गेला नाही. तो गावाच्या समितीकडे आला, खर्च वर्गणीतून भागू लागला आणि पुढे मोठा वाटा रात्रीच्या नाटकाच्या तिकिटांतून निघू लागला.

समितीच्या हाती कारभार आल्यावर तारखेचे गणित बदलले, कारण नाटक आता पदरचा खर्च न राहता उत्पन्नाचे साधन झाले होते. झाडीपट्टीच्या व्यावसायिक नाटकमंडळ्यांचे केंद्र म्हणजे देसाईगंज, अर्थात वडसा. ते लाखांदूर तालुक्याला लागून असले तरी गडचिरोली जिल्ह्यात आहे. दिवाळी उलटली की तिथल्या कार्यालयांत गावोगावच्या समित्यांची ये-जा सुरू होते. एक मंडळी एका रात्री एकाच गावात उभी राहू शकते. त्यामुळे ज्या मंडळीला गर्दी होते तिची मोकळी रात्र मिळवण्यासाठी पटाचा दिवस एक-दोन दिवसांनी सरकवण्याचे प्रसंग येऊ लागले. बैलांच्या शर्यतीची तारीख नटांच्या सवडीवर ठरणे वरवर विचित्र वाटेल, पण समितीच्या हिशेबवहीत ते अगदी सरळ होते.

तारखांखेरीज चुरशीचा दुसरा आधार म्हणजे जोड्या जिथवर जात त्या वर्तुळाचा आकार. पायी किंवा गाडीने नेता येईल एवढ्याच अंतरावर जोडी जात असे. त्यामुळे साकोली, लाखनी, लाखांदूर या पट्ट्यातल्या नामवंत जोड्या एकाच हंगामात तीन-चार दानींवर भेटत. एका गावी हरलेल्याला पुढच्या गावी परतफेड करता येई. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची किंमत, बैलाचा भाव आणि गावाची इभ्रत या भेटींतून ठरत असे. दोन मालक एकमेकांशी जोड लावायला तयार नसतील, तर त्याचीही चर्चा पुढच्या पटापर्यंत पुरत असे. निकालावरून हमरीतुमरी होई, कधी दानीवरच हाणामारी होई. पण पुढच्या पटाचा दिवस ठरलेला असल्याने दोन्हीकडची माणसे पुन्हा एकाच मैदानात येत.

हे वर्तुळ सरकारी सीमांशी कधीच जुळले नाही. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. बैलांना यातले काही लागू नव्हते. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ ही चपळ जात तर या सगळ्या रेषा ओलांडूनच वाढलेली आहे. भंडाऱ्याच्या पटात बालाघाटची जोडी येणे, हे परराज्यातल्या स्पर्धकाचे येणे नव्हते. जुने शेजारपण होते.

वर्तुळ खऱ्या अर्थाने मोठे झाले ते ट्रक आणि टेम्पोमुळे. मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. बैल वाहनात चढवून शंभर-दीडशे किलोमीटर नेणे सोपे झाले, तसे मोठ्या बक्षिसांच्या पटांकडे लांबच्या जोड्या येऊ लागल्या. नारळ आणि पागोट्याची जागा रोख रकमेने, मोटारसायकलने घेतली. पट दिमाखदार झाले. मात्र एकाच हंगामात त्याच दोन जोड्या तीन-चारदा भेटण्याचा योग कमी झाला. जगात दुसरीकडेही हेच दिसते. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या ‘बिग टेन’ या गटात २०२४ पासून १८ संघ आहेत आणि प्रत्येकाला गटातले सामने फक्त ९. सगळ्यांशी दरवर्षी खेळणे अशक्य असल्याने कोणत्या जुन्या वैऱ्यांची भेट राखायची, हे तिथे वेळापत्रकात मुद्दाम लिहून ठेवावे लागते. झाडीत असे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. मोठी रक्कम लावणारा पट लहान पटाच्या दिवसावर आला की लहान पट मुकाट्याने सरके, नाहीतर बंद पडे.

त्यानंतर वेळापत्रकच थांबले. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शन व खेळांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना मनाई करणारा निकाल दिला. प्राण्यांना बोचणाऱ्या आरा, शेपटी पिरगाळणे, मारहाण या गोष्टी खोट्या नव्हत्या, आणि बंदीविरुद्ध बोलणाऱ्यांनाही त्या नाकारता आल्या नाहीत. शर्यतींना मुभा देण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे दानी मोकळ्या राहिल्या. शर्यतीसाठी राखलेल्या बैलाला नांगराला जुंपून त्याचा खर्च भरून निघत नाही. कित्येक मालकांनी जोड्या विकल्या.

रात्रीचा अर्धा भाग मात्र चालू राहिला. नाटकांना बंदी नव्हती, म्हणून अनेक गावांनी पटाच्या जुन्या दिवशी नुसते नाटक ठेवले. पाहुणे आले, तिकिटे खपली, दुकाने लागली. बैल नसताना पटाची तारीख जपण्याचे काम वडशाच्या मंडळ्यांनी केले, ही या इतिहासातली एक गमतीची कलाटणी म्हणावी लागेल. मार्च २०२० नंतर टाळेबंदी आणि निर्बंधांनी तेही काही काळ थांबले.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यती घेण्याची अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. पट परतले, पण तारीख ठरवण्याची रीत जुनी राहिली नाही. आता जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, धावेला अंतराची मर्यादा आहे, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करावी लागते आणि क्रूरतेसाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी शेजारच्या गावाची संमती पुरेशी होती. आता परवानगीचा कागद आधी हाती यावा लागतो. एका वर्तुळातले पट भंडारा आणि गोंदिया अशा दोन कार्यालयांत मंजूर होतात, आणि एकाच दिवसाच्या दोन परवानग्या दोन जिल्ह्यांतून निघाल्या तरी तो मेळ घालणे हे कोणत्याच कार्यालयाचे काम नाही.

जमिनीची अडचण त्याहून जुनी आणि जास्त चिवट आहे. पट धानाच्या पडीक शेतात भरतो, आणि ते पडीक राहिले तरच. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. या प्रकल्पाचे कालवे आणि विहिरी-बोअरचे पाणी पोचले तिथे उन्हाळी धान घेतले जाऊ लागले. त्याची चिखलणी आणि रोवणी ऐन पटाच्या दिवसांत येते, आणि ती आता बहुतेक ट्रॅक्टरने होते. एका बांधीत पाणी सोडले की शेजारची बांधीही ओली राहते. म्हणून समित्यांना नाटकाची रात्र आणि परवानगी यांच्याआधी दानीसाठी कोरडी, सलग जमीन शोधावी लागते. ती एखाद्या शेतकऱ्याने खुशीने दिली तर ठीक. नाहीतर पट गावठाणाच्या किंवा झुडपी जंगलाच्या कडेला, जागा मिळेल तिथे सरकतो.