एकच औषध, दोन किमती

“डॉक्टर, हे स्वस्तातलं आहे, गुण येईल ना?” हातात गोळ्यांची स्ट्रिप धरून हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. तुम्हीही विचारला असेल. त्याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. पेटंट थेट औषधावरच मिळे. तेच औषध दुसऱ्या कुणी निराळ्या रीतीने तयार केलं, तरी त्याला ते विकता येत नसे. बाजारावर परदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता आणि किमतीही त्याच ठरवत. १९५४ साली पिंपरीत सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पण एका कारखान्याने बाजार बदलत नाही.

बाजार बदलला तो १९७० च्या पेटंट कायद्याने. हा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. आता औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. पुरणपोळीवर कुणाचा हक्क नाही. हक्क असेल तर आपापल्या कृतीवर!

त्यामुळे कंपन्यांचे दोन गट पडले. एक गट संशोधनावर पैसा ओततो आणि पेटंट असेपर्यंत चढ्या भावाने तो वसूल करतो. दुसरा गट तेच औषध स्वस्तात कसं बनवायचं यात डोकं चालवतो, आणि भरपूर विकून कमावतो. पहिला गट नसता तर नवी औषधं आली नसती, हे मान्यच. पण दुसऱ्या गटाने काय केलं तेही पाहा. एचआयव्हीच्या तीन औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ती तिन्ही एकाच गोळीत घालून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. ती औषधं मूळची तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. भारतात त्यांच्यावर पेटंट नव्हतं, म्हणूनच हे जमलं.

२००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं. तरी बीपी-शुगरच्या बहुतेक जुन्या औषधांवर आता पेटंट उरलेलं नाही. म्हणजे तुमच्या हातातली महाग आणि स्वस्त, दोन्ही स्ट्रिप बहुधा दुसऱ्याच गटातल्या असतात. फरक असतो तो मुख्यतः ब्रँडच्या नावाचा आणि जाहिरातीच्या खर्चाचा. दर्जा ठरतो कारखान्यात आणि तपासणीत. किमतीवरून तो कळत नाही.

तेव्हा ब्रँडखाली लिहिलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून बघा, बिल घ्या. मात्र फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर कंपनी बदलण्याआधी मला एक फोन करा.