कोल्हापूर शहरातील संगीत, नाट्य व चित्रपट परंपरा : राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात कोल्हापूर शहराला 'कलापूर' असे संबोधले जाते. हे नाव केवळ गौरवापोटी दिलेले नाही. गायन, नाटक, चित्रकला आणि चित्रपट या कला येथे एकमेकींच्या आधाराने वाढल्या. 8 ऑगस्ट 2024 रोजी रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि या परंपरेचे जतन कसे करावे, हा प्रश्न नव्याने पुढे आला. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. प्रस्तुत निबंधात या परंपरेच्या जडणघडणीचा आढावा घेऊन तिच्या आश्रयाचे स्वरूप कसे बदलत गेले, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

राजाश्रयाचा कालखंड :
राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (1894-1922) कलेला मिळालेला आश्रय बक्षिसे व मानधनापुरता मर्यादित नव्हता. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांना महाराजांनी दरबारगायक म्हणून नेमले. 1883 मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबने गाण्याला दरबाराबाहेरचा रसिक मिळवून दिला. महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. तथापि त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्यामुळे ही तालीम शहरात टिकून राहिली. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांना भुर्जी खाँ यांचीच तालीम लाभली.

1913 ते 1915 या काळात खासबाग कुस्ती मैदानालगत 'पॅलेस थिएटर' उभे राहिले. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच शेजारी शेजारी असणे ही बाब बोलकी आहे. मल्ल आणि नट, तसेच त्यांचे प्रेक्षक, यांच्यात शहराने भिंत उभी केली नाही. पुढे या वास्तूला कोल्हापूरचेच सुपुत्र, 'संगीतसूर्य' केशवराव भोसले (1890-1921) यांचे नाव देण्यात आले. 1908 मध्ये 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन करणाऱ्या केशवरावांनी 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांसह 'संयुक्त मानापमान' सादर केले. त्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले.

पडद्यापासून रुपेरी पडद्याकडे :
नाटक मंडळ्यांना लागणारे रंगीत पडदे रंगविणाऱ्या कारागिरांतूनच कोल्हापूरचा चित्रपट जन्मास आला, हे येथील वैशिष्ट्य होय. आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे नाटकांचे पडदे रंगवीत. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी, म्हणजेच बाबूराव पेंटर यांनी, स्वतः कॅमेरा सिद्ध करून 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभारली. 'सैरंध्री' (1920) मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. याच कंपनीत घडलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी कुलकर्णी यांच्या भांडवलासह 1929 मध्ये 'प्रभात'ची स्थापना केली. 1933 मध्ये 'प्रभात' पुण्यास गेली. राजधानीचे शहर कलावंत घडविते, परंतु मोठी बाजारपेठ त्यांना ओढून नेते, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

लोकाश्रयाचा कालखंड :
संस्थानाच्या विलीनीकरणानंतर राजाश्रय संपला. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. पुढील काळात लावणी व तमाशाचे चित्रपटीय रूप घडविण्यात या भागातील कलावंतांचा मोठा वाटा राहिला. कोल्हापूरच्या अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' (1959) आणि जगदीश खेबुडकरांच्या गीतांनी गाजलेला 'पिंजरा' (1972) ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र या यशाचे श्रेय देताना फडावरील मूळ कलावंत स्त्रियांची नोंद इतिहासाने पुरेशी घेतली नाही, हेही मान्य करावयास हवे. अलीकडे दूरचित्रवाणी मालिकांच्या चित्रीकरणामुळे स्थानिक तंत्रज्ञांना काम मिळते. परंतु शहराचा स्वतंत्र निर्माता म्हणून असलेला लौकिक ओसरला आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कोल्हापूरची परंपरा एका राजाच्या औदार्यावर सुरू झाली असली, तरी ती टिकली गुरुकुल, क्लब, कारखाना आणि प्रेक्षक यांच्या जोरावर. नाट्यगृह जळाल्यानंतर त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची बाब आहे. तथापि, दगड-लाकडाची वास्तू निधीतून उभी राहते. त्या रंगमंचावर नियमित तालीम करणारी मंडळी निधीतून उभी राहत नाहीत. जुने पडदे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व वृद्ध कलावंतांच्या आठवणी यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, संगीत व मराठी विभागांनी एकत्र येऊन हाती घेणे अगत्याचे आहे. असे न झाल्यास नव्या वास्तूत केशवरावांचे नाव राहील, परंपरा मात्र उरणार नाही.