मका आला, माणूस अडला

'बेकायदा स्थलांतर' हे शब्द वाचले, की रात्रीच्या अंधारात कुंपण ओलांडणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. मला मात्र आधी त्या कुंपणाची जन्मतारीख विचारावीशी वाटते. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सरहद्दीची हकिगत त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये तिथल्या सरकारनेच मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणले. त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. म्हणजे हातांच्या बळावर राबणारे. १९६४ पर्यंत असे सुमारे ४६ लाख मजुरी-करार झाले. मग योजना बंद पडली, पण कॅलिफोर्नियातली द्राक्षे काही पिकायची थांबली नाहीत. मळेवाले तेच, मजूर तेच, वाटही तीच. हातातला कागद तेवढा गेला आणि कालचा मजूर घुसखोर ठरला.

तरीही ये-जा चालू राहिली. पेरणी-कापणीला जायचे, चार पैसे घेऊन गावी परतायचे. हे चक्र मोडले ते १९९४ साली.

त्या वर्षी १ जानेवारीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा 'नाफ्टा' हा मुक्त व्यापार करार अमलात आला. व्यापार वाढला की मेक्सिकोत रोजगार वाढतील आणि माणसे घरीच राहतील, असे मेक्सिकोचे अध्यक्ष सालिनास सांगत होते. पण गावात काय घडले ते बघा. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याची 'तोर्तिया' भाजतात. आपल्या भाकरीची ती बहीणच. आता या कोरडवाहू मक्याची गाठ पडली अमेरिकेच्या यंत्राने पिकवलेल्या, सरकारी अनुदानावर पोसलेल्या मक्याशी. आयात शुल्क १५ वर्षांत हळूहळू उतरायचे होते. मेक्सिकोच्या सरकारने मात्र ठरल्या कोट्याबाहेरचा मकाही शुल्क न घेता आत येऊ दिला. भाव निम्म्याहून खाली आला. शेतमाल विकत घेणारे 'कोनासुपो' हे सरकारी महामंडळ १९९९ मध्ये गुंडाळले गेले. त्याआधी, १९९२ मध्ये, राज्यघटनेचे २७ वे कलम बदलून क्रांतीनंतर गावांना मिळालेली सामुदायिक जमीन विकण्याची वाट मोकळी करून ठेवलेली होतीच. त्यात डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला.

बाहेरून येणारा मका बहुतांशी पिवळा, जनावरांच्या खाद्याचा होता. शेतकऱ्यांचा पांढरा होता, असा युक्तिवाद काही अर्थतज्ज्ञ करतात. तो अगदीच टाकाऊ नाही. पण बाजारात भाव पडतो, तेव्हा तो रंग पाहून थांबत नाही.

आणि याच १९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने सॅन दिएगोजवळ 'ऑपरेशन गेटकीपर' सुरू केले. कुंपण, दिवे, गस्त वाढली. माणसे थांबली नाहीत, वाळवंटाकडे वळली. 'कोयोटे' म्हणजे सरहद्द पार करून देणारे दलाल. त्यांचे दर चढले. १९९८ ते २०१८ या काळात ७ हजारांवर माणसे या वाटेवर मेल्याची नोंद खुद्द सीमा दलाकडे आहे.

समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांचे सहकारी मेक्सिकोतल्या गावोगावच्या कुटुंबांना कित्येक वर्षे भेटत होते. त्यांना दिसले ते असे, की कुंपणाने येणे फारसे थांबले नाही. परत जाणे थांबले. इतका पैसा ओतून, जीव धोक्यात घालून आलेला माणूस पुन्हा ती जोखीम कशाला घेईल? तो तिथेच राहिला आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागला. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे १९९० मध्ये सुमारे ३५ लाख होते. २००७ मध्ये १ कोटी २२ लाख झाले. त्यांत निम्म्याहून अधिक मेक्सिकोचे होते. पुढे मेक्सिकोतून येणारा लोंढा बराच ओसरला, पण तोवर एक अख्खी पिढी तिथे वाढली होती.

त्याच २००७ च्या जानेवारीत मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले, तोर्तिया महागली म्हणून. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल काढण्याची लाट आली होती आणि भाव आता उलटा चढला होता. शेत सोडून गेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

माणसांबद्दल नाफ्टात काहीच नव्हते असे मात्र नाही. त्यात एक यादी होती. हिशेबनीस, अभियंते, प्राध्यापक, पशुवैद्य अशा व्यावसायिकांना सरहद्द ओलांडून तात्पुरते काम करण्याची त्यात सोय होती. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला, तरी ती यादी तशीच पुढे चालू राहिली. शेतमजूर त्या यादीत नाही.