कारखान्यातल्या नोकरीसाठी कोणती डिजिटल कौशल्यं हवीत?

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या नव्या अभियंत्यासाठी बुटीबोरी एमआयडीसी ही जवळची मोठी औद्योगिक वसाहत. आता कारखान्यांतली यंत्रं सेन्सर आणि संगणकांना जोडली जात आहेत. २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर मेळ्यात या बदलाचं 'इंडस्ट्री ४.०' हे नाव पुढे आलं. अशा कारखान्यात काय यायला हवं?

पीएलसी : यंत्र कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हे ठरवणारा छोटा संगणक. त्याची 'लॅडर लॉजिक' भाषा रिलेच्या वायरिंगच्या आकृतीसारखी दिसते.

स्काडा : अनेक यंत्रांची स्थिती एकाच पडद्यावर दाखवणारी प्रणाली. त्यातले अलार्म वाचून बिघाड शोधता यायला हवा.

डेटा : मोटरची कंपनं हळूहळू वाढत असतील, तर बेअरिंग झिजत असू शकतं. एक्सेल, एसक्यूएल किंवा पायथन येत असेल, तर अशा नोंदींवरून मोटर बंद पडण्याआधीच दुरुस्ती करता येते.

सायबर सुरक्षा : जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हल्ल्यामुळे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. यंत्राच्या संगणकाला अनोळखी पेनड्राइव्ह न लावणं, ही पहिली सवय.

सुरुवात कुठून? 'ओपनपीएलसी' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही मोफत शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क लागतं.

सॉफ्टवेअर बदलत राहतं. पण बेअरिंग का तापतं हे ज्याला कळतं, त्यालाच पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ लागतो.