राजाश्रय आणि तिकीट : सांगलीचा धडा
१८४२ मध्ये उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहून विष्णुदास भाव्यांना तशाच, पण अधिक नेटक्या खेळाची आज्ञा केली. १८४३ चे ‘सीतास्वयंवर’ त्यातूनच उभे राहिले. खर्चाचा भार दरबाराचा. मात्र हा आश्रय एका रसिकाच्या मर्जीचा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. मराठी रंगभूमीच्या स्वावलंबनाचा आरंभ म्हणून या घटनेचा गौरव होतो, तो रास्तच. पण तिकिटाचा पैसा मोठ्या शहरात होता. सांगलीने घडविलेली मंडळी पोटासाठी सांगलीबाहेर पडली.