पहिले उड्डाण आणि जपलेले कागद

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका मुलाने पुठ्ठ्याचे विमान मांडले होते. शेजारी सुवाच्य अक्षरांत पाटी होती, ‘विमानाचा शोध : राइट बंधू, सन १९०३.’ प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका पालकांनी त्याला तिथेच हटकले. “बाळ, हे चूक आहे. त्यांच्या आधी आठ वर्षे आपल्या मुंबईच्या तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवले होते.” मुलगा गोंधळला आणि माझ्याकडे धावत आला. “सर, खरे काय?” मी इतिहासाचा शिक्षक. गर्दीत काही सुचेना, म्हणून ‘नंतर सांगतो’ एवढेच म्हणालो. हा लेख म्हणजे ते ‘नंतर’.

शिवकर बापूजी तळपदे हे गृहस्थ काल्पनिक नव्हेत. १८६४ साली मुंबईत पाठारे प्रभू घराण्यात त्यांचा जन्म झाला. जे. जे. कला विद्यालयाशी त्यांचा संबंध होता. संस्कृताचा आणि वेदांचा त्यांना व्यासंग होता. १९१६ मध्ये ते वारले. १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यरहित यान गिरगाव चौपाटीवरून उडवले, ते सुमारे दीड हजार फूट उंच गेले आणि खाली कोसळले, अशी हकिकत सांगितली जाते. त्या वेळी न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज हजर होते, असेही सांगतात. हकिकत मोठी रम्य आहे. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेल्याने देशभर वादही माजला.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारावयास हवा, तो असा की हे आपल्याला कळले कशावरून? त्या यानाचे एकही छायाचित्र पुढे आलेले नाही. मोजमापे लिहिलेली वही नाही. ‘केसरी’त बातमी आली होती असे पुष्कळ जण लिहितात, परंतु तो अंक तारखेसह वाचकांसमोर ठेवणारा कोणी भेटत नाही. रानडे किंवा सयाजीराव यांच्यासारख्या लिहित्या माणसांनी असा चमत्कार पाहिला असता, तर त्याचा उल्लेख कोठेतरी व्हावयास हवा होता. यानाचे सुटे भाग पुढे परदेशी कंपनीला विकले गेले म्हणतात. त्याचीही पावती नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा ह्या संदर्भात दाखला देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच प्राध्यापकांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने हवेत टिकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांना खोटे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी काही प्रयोग केलेही असतील. त्यांचे कागद आपल्या हाती आले नाहीत, एवढे मात्र खरे.

आता दुसरी बाजू पाहू. विल्बर आणि ऑरव्हिल राइट हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन गावचे सायकलींचे दुकानदार. दोघांजवळही हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला नव्हता. (हे वाचून आमच्या दहावीच्या मुलांनी अभ्यास सोडू नये. दाखला नव्हता, पण वाचन दांडगे होते.) ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले, की उड्डाणाच्या विषयावर जे काही छापले गेले आहे त्याची माहिती मला हवी आहे. संस्थेने पुस्तकांची यादी आणि काही पुस्तिका धाडल्या. एका अनोळखी दुकानदाराला एका मोठ्या संस्थेने उत्तर दिले, ही गोष्ट मला त्या यंत्राहून कमी महत्त्वाची वाटत नाही. ते पत्र आजही जपून ठेवलेले आहे.

१९०१ च्या पानगळीत त्यांनी दुकानातच सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली. एका टोकाला पंखा लावून तीत वारा सोडायचा आणि पंखांचे लहान लहान नमुने त्यात टांगून वारा त्यांना किती उचलतो ते मोजायचे. तोलण्याचे काटे करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे. असे सुमारे दोनशे नमुने तपासले आणि प्रत्येकाचे आकडे वहीत मांडले. त्या वह्या शिल्लक आहेत. म्हणजे केवळ ‘ते उडाले’ एवढेच आपल्याला ठाऊक नाही. उडण्याआधी ते कोठे चुकले आणि कोणता जुना तक्ता त्यांनी का बाजूला सारला, हेही ठाऊक आहे.

१७ डिसेंबर १९०३ च्या सकाळी किटी हॉकजवळच्या वाळूत चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. एवढ्या अंतरात आपल्या बंदरावरचा एखादा ट्रॉलर जेमतेम वळतो. चौथे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. पाच माणसे पाहावयास होती, त्यांतली तिघे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या ठाण्यावरची. त्यांच्यापैकीच जॉन डॅनियल्स याने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याची कळ दाबली आणि ते जगप्रसिद्ध छायाचित्र निघाले. ऑरव्हिलने त्याच दिवशी रोजनिशी लिहिली. वारा किती होता, कोण आले, कोणाची पाळी कितवी, आणि चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने यंत्र उलथून मोडले, हे सारे तीत आहे. वडिलांना तार गेली. ह्या तारेची गंमत अशी की तारमास्तरांच्या हातून ५९ सेकंदांचे ५७ झाले आणि ऑरव्हिलच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. तार एकटीच उरली असती, तर जगाने ५७ सेकंदच खरे मानले असते. रोजनिशी उरली, म्हणून तारेची चूक पकडता आली. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एक कागद साक्ष देतो, पण दोन कागद समोरासमोर ठेवले म्हणजेच उलटतपासणी होते.

हे कागद आपोआप टिकले असे नाही. मार्च १९१३ मध्ये डेटनला भयंकर पूर आला. राइटांच्या घरामागच्या खोलीत ठेवलेल्या काचेच्या निगेटिव्हज कित्येक दिवस पाण्यात राहिल्या. पहिल्या उड्डाणाच्या काचेचा एक कोपरा कायमचा खराब झाला. सुदैवाने विमानाचे चित्र वाचले. पुढे स्वतः स्मिथसोनियन संस्थेनेच १९१४ साली आपले माजी सचिव लँग्ली यांचे जुने यंत्र दुरुस्त करवून हवेत उडवले आणि उडू शकणारे पहिले यंत्र हेच, असा दावा केला. त्या दुरुस्तीत यंत्रात किती बदल केले होते, हे जुनी छायाचित्रे आणि मापे ताडून दाखवता आले. रागावलेल्या ऑरव्हिलने १९२८ साली आपले मूळ विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिले. संस्थेने १९४२ मध्ये त्या बदलांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे वाद निवला. १९४८ च्या १७ डिसेंबरला विमान वॉशिंग्टनला समारंभपूर्वक मांडले गेले, परंतु ते पाहावयास ऑरव्हिल हयात नव्हता. त्याच वर्षी ३० जानेवारीस तो वारला होता. हीच आपल्या गांधीजींच्या हत्येची तारीख.

ऑरव्हिलच्या पश्चात १९४९ साली त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी रोजनिश्या, वह्या, पत्रे आणि सुमारे तीनशे काचा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या हवाली केल्या. वारसांनी आणखी एक मोठा संग्रह १९७५ मध्ये डेटनच्या विद्यापीठाला दिला. त्यात वडील मिल्टन राइट यांच्या रोजनिश्याही आहेत. पाद्री असलेल्या ह्या गृहस्थांनी साठ वर्षे नेमाने रोजनिशी लिहिली, मग मुले वहीची माणसे झाली त्यात नवल काय? तरी तिकडेही सगळे आलबेल नसते. १९०६ साली मिळालेल्या पेटंटची मूळ फाईल सरकारी दप्तरातून कित्येक वर्षे बेपत्ता होती. ती २०१६ मध्ये कॅन्सस राज्यातल्या चुनखडीच्या गुहेतील साठवणखान्यात चुकीच्या जागी सापडली.

अमेरिकेलाही आपला तळपदे आहे, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. गुस्ताव्ह व्हाइटहेड नावाच्या जर्मन कारागिराने ऑगस्ट १९०१ मध्ये कनेक्टिकट राज्यात विमान उडवल्याची बातमी एका स्थानिक वर्तमानपत्रात आली होती. त्या राज्याने २०१३ साली चक्क कायदा करून त्याला मान दिला. पण उडत्या यंत्राचे छायाचित्र नाही आणि प्रयोगाची वही नाही, म्हणून बहुतेक इतिहासकार तो दावा मानीत नाहीत. कायद्याने पुतळा उभारता येतो, पुरावा उभारता येत नाही.

हीच फूटपट्टी आपण आपल्या अभिमानालाही लावली पाहिजे. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी पंख बांधून झेप घेतली, असे आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो, मीही सांगतो. ते विद्वान खरेच होऊन गेले. ८८७ साली त्यांचा इंतकाल झाला. पण त्या झेपेचे सविस्तर वर्णन आपल्याला मिळते ते अल्-मक्करी यांच्या सतराव्या शतकातील ग्रंथात, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतर. समकालीन आधार आहे तो एका कवीच्या ओळीचा. तळपद्यांच्या बाबतीत पुरावा मागणाऱ्याने येथे तो मागू नये, हे कसे चालेल? झेप घेतली असेल, असे मी आता वर्गात सांगतो. ‘असेल’ ह्या शब्दावर मुले खट्टू होतात. इलाज नाही.

यावर कोणी म्हणेल, कागद जपणे ही गोऱ्यांची रीत, आपल्याकडे कोठले आले? त्यांनी अलिबागला जावे. आमच्या ह्याच किनाऱ्यावर भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यास १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे नाजूक उपकरणे बिघडणार, म्हणून नवी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस सुरू झाली. भिंतींना लोहविरहित पोरबंदरी दगड वापरला. दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना धागा नव्याला नीट जोडला जावा. हे काम ज्यांनी पार पाडले ते संचालक डॉ. नानाभाई मूस हे मुंबईचेच पारशी गृहस्थ.

आता ह्या नोंदींचे फळ पाहा. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. जगभर तारयंत्रे बिघडली. युरोपातल्या कित्येक वेधशाळांत उपकरणाची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यास मात्र उपकरणाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांनी आकडे वाचून हाताने लिहिले. त्यांची नावे मला कोठे आढळली नाहीत. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तेच आकडे काढून त्या वादळाचा जोर मोजला. कुलाब्यातील घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरली. आजही सौर वादळाची सूचना आली म्हणजे उत्तर ध्रुवाजवळून जाणारी विमाने दुसऱ्या मार्गाने वळवतात. असे वादळ जास्तीत जास्त केवढे होऊ शकते, हे ठरवताना मुंबईच्या त्या पानांचा आधार घेतात. लिहिणाऱ्यांनी विमान पाहिलेही नव्हते.

आता आपल्या घरांकडे येतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दिघी, बोर्ली ह्या पट्ट्यात असे मुसलमान घर क्वचितच असेल की ज्यातले कोणी जहाजावर गेले नाही. आज मुले विमानाने आखातात जातात, त्यांचे आजोबा-पणजोबा आगबोटींवर खलाशी, आगवाले, भंडारी होते. त्या प्रत्येकाजवळ नोकरीचे नोंदपुस्तक असे. कोणत्या जहाजावर चढला, कोणत्या बंदरात, कोणत्या तारखेला उतरला, कामाबद्दल कप्तानाचा शेरा काय. ही आमच्या वडीलधाऱ्यांची रोजनिशीच. ती कोठे आहे? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या किनाऱ्यावरच्या हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. त्या पावसात कित्येक पेट्या भिजल्या आणि नंतर चिखलाबरोबर पुस्तकेही उकिरड्यावर गेली. ते पाहताना मला डेटनचा पूर आठवला.

जे उरले आहे त्यासाठी पालकांना दोन-चार गोष्टी सुचवतो. जुने कागद लॅमिनेशन करून आणू नका. एकदा चिकटलेला प्लास्टिकचा पापुद्रा पुन्हा निघत नाही. धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. वाळवी आणि कसर यांच्यासाठी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा तपासा. फोटोमागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. ओळखणारे माणूस हयात आहे तोवरच लिहा. मोबाइलवर प्रत्येक पानाचे चित्र घ्या आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्या. मूळ मागत नाही, ते आपल्याच घरी राहू द्या.

त्या आठवीच्या मुलाला मी हे सारे थोडक्यात सांगितले. पाटी त्याने बदलली नाही. पुढच्या आठवड्यात तो आपल्या पणजोबांचे नोंदपुस्तक रुमालात बांधून घेऊन आला. पहिल्या जहाजाचे नाव स्वच्छ वाचता येते. दुसऱ्या नावाची पहिली दोन अक्षरे कसरीने खाल्ली आहेत, पण उतरल्याची तारीख शाबूत आहे आणि बंदर मोंबासा आहे. त्या तारखेला मोंबासा बंदरात कोणकोणती जहाजे होती, याचा शोध आता तो मुलगा आणि मी मिळून घेत आहोत.