हीथ्रोच्या माळावरची मोजणी

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३४७ किलोमीटर आहे. हा आकडा वर्गातही काढता येतो. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत २.४६ अंशांचा फरक आहे, म्हणजे सुमारे २७४ किलोमीटर. रेखांशांतील फरक ३.०१ अंश, पण ५० अक्षांशाजवळ रेखांशाचा एक अंश जेमतेम ७१ किलोमीटरचा भरतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २१४ किलोमीटर. पुढचे काम पायथागोरसचे.

मात्र त्यासाठी दोन्ही ठिकाणांची स्थाने परस्परांच्या संदर्भात अचूक माहीत हवीत. अठराव्या शतकात नेमका यावरच वाद होता. ग्रिनिच व पॅरिस या वेधशाळांच्या स्थानांचा मेळ बसत नाही, असे फ्रेंच शास्त्रज्ञ कासिनी द थ्युरी यांनी १७८३ साली ब्रिटनला कळवले. दोन्ही वेधशाळा जमिनीवरील मोजणीने जोडाव्यात, असा उपायही त्यांनीच सुचवला.

ब्रिटनमध्ये हे काम जनरल विल्यम रॉय यांच्याकडे आले. त्यांची पद्धत त्रिकोणमितीची होती. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मग प्रत्येक नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे प्रत्यक्ष मोजायची रेषा एकच, पण तिच्यातील चूक शेवटपर्यंत सोबत येणार!

ही पायारेषा १७८४ साली हाउन्स्लो हीथच्या सपाट माळावर आखली गेली. प्रथम लाकडी दांड्या वापरल्या. पण दमट हवेने त्यांची लांबी बदलू लागली. तेव्हा काचेच्या नळ्या घेऊन मोजणी झाली. लांबी भरली सुमारे २७,४०४ फूट, म्हणजे ८.३५ किलोमीटर. रॅम्सडेन यांनी बनवलेला मोठा थिओडोलाइट मिळायला १७८७ साल उजाडले. त्याच वर्षी, रात्री प्रखर दिवे पेटवून, दोन्ही देशांच्या निरीक्षकांनी खाडीपलीकडचे कोन मोजले आणि त्रिकोणांची साखळी जुळली. रॉय १७९० साली वारले, तेव्हा ते या कामाच्या अहवालाची मुद्रिते तपासत होते.

याच माळावरच्या विमानतळावरून २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस ही दैनंदिन विमानसेवा सुरू झाली. ल बुर्जे विमानतळ गाठायला सुमारे अडीच तास लागत. सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. आजचे जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने हे अंतर २६ मिनिटांत कापेल. तरीही वेळापत्रकात सुमारे सव्वा तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणे, रांगेत थांबणे हे सारे त्यात येते.

विद्यार्थ्यांना एक कोडे घालून पाहा. वेळापत्रकातील घड्याळाच्या वेळांप्रमाणे लंडनहून पॅरिसला सव्वादोन तास लागतात, परतताना मात्र पंधराच मिनिटे! असे का? पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे असते, हे उत्तर बहुतेकांना सापडेल. मग पुढचा प्रश्न विचारा : ३ अंश रेखांशांमुळे सूर्याच्या वेळेत फरक पडतो फक्त १२ मिनिटांचा, मग उरलेली ४८ मिनिटे कोणाची? ती निसर्गाची नव्हेत, शासनांच्या निर्णयाची आहेत. घड्याळ हुकमाने पुढे सरकवता येते. अंतराला मात्र तो हुकूम लागू पडत नाही. त्यासाठी माळावर जाऊन नळ्याच मांडाव्या लागतात.

रॉय यांच्या रेषेचे एक टोक दाखवणारी, जमिनीत उभी पुरलेली तोफ हीथ्रो विमानतळाच्या उत्तर कडेला आहे.